जकात आणि दस्तक : ब्रिटनचा संघत्याग, ग्राहक आणि परंपरागत धंदे

जुन्या मराठी कागदपत्रांत व्यापारासंबंधीचे जे शब्द वारंवार भेटतात त्यांत ‘जकात’ आणि ‘दस्तक’ हे दोन शब्द शेजारी शेजारी वावरतात. परंतु त्यांचे अर्थ अगदी निराळे आहेत. ‘जकात’ मूळची अरबी. इस्लामी धर्मशास्त्रात संपन्न मनुष्याने आपल्या संपत्तीचा ठराविक अंश दानरूपाने द्यावयाचा, त्यास जकात म्हणतात. मराठीत येईपर्यंत ह्या शब्दाचा धर्माशी असलेला संबंध सुटला आणि वाटेने जाणाऱ्या मालावर नाक्यावर घ्यावयाचा कर एवढाच अर्थ उरला. ‘दस्तक’ हा शब्द फारसी. ‘दस्त’ म्हणजे हात, ह्या शब्दापासून झालेला. ह्याचा माल अडवू नये असा जो परवाना व्यापाऱ्याच्या हाती असावयाचा, ते दस्तक. पहिला शब्द पैशाचा आहे, दुसरा पुराव्याचा. १७१७ साली फर्रुखसियर बादशहाने ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल्यात जकातमाफी दिली. पण ती माफी प्रत्यक्षात यावयाची ती दस्तकाच्या द्वारेच. जकात माफ झाली म्हणून कागद सुटला नाही. उलट कागदाचेच मोल वाढले, आणि कंपनीच्या नोकरांनी आपल्या खाजगी व्यापारासाठी त्याचा जो दुरुपयोग केला त्यावरून मीर कासिमाशी १७६३ साली युद्धाचा प्रसंग आला, हा इतिहास सुपरिचित आहे.

ह्या दोन संज्ञांतील भेद ध्यानात ठेवला म्हणजे आपल्या काळातील एक कोडे उलगडण्यास मदत होते. ब्रिटनने युरोपीय संघ सोडला तेव्हा उभय पक्षांत जो करार झाला त्यात जकात शून्य ठेवण्यात आली. तथापि करार अमलात आल्यावर पहिल्या काही दिवसांतच स्कॉटलंडची मासळी वाटेत खोळंबली, कालवांचा धंदा बसला, आणि पुढील दोन वर्षांत अन्नपदार्थांच्या किंमती चढल्या. जकात नाही, मग हा भार आला कोठून? ब्रिटनमधील सार्वजनिक चर्चा बव्हंशी जकातीच्या शब्दांत चालली होती. दस्तकाला त्या चर्चेत फारसे स्थान मिळाले नव्हते. आणि भार आला तो दस्तकाचा.

घटनाक्रम थोडक्यात असा. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय आर्थिक समुदायात, म्हणजे त्या वेळी जिला सामाईक बाजारपेठ म्हणत तीत, दाखल झाले. २३ जून २०१६ रोजी घेतलेल्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडले. परंतु वर्षअखेरपर्यंत जुनेच नियम चालू राहिले. २४ डिसेंबर २०२० रोजी व्यापार व सहकार्य करार ठरला आणि १ जानेवारी २०२१ पासून नवी व्यवस्था सुरू झाली. म्हणजे व्यापाऱ्यांना कराराचा मजकूर हाती पडल्यापासून तो लागू होईपर्यंत मध्ये आठवडाभरच अवधी होता, आणि तोही नाताळचा.

युरोपीय संघाच्या अंतर्गत व्यापारात दोन गोष्टी एकवटल्या आहेत. पहिली सीमाशुल्क-संघ : सदस्य देशांच्या दरम्यान जकात नाही, आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वांची जकात एकच. दुसरी, १९९३ पासून पूर्णत्वास गेलेली एकसंध बाजारपेठ : एका देशात जो माल खाण्यास, वापरण्यास योग्य ठरला तो सर्वत्र योग्य, सीमेवर पुन्हा पुरावा मागावयाचा नाही. पहिल्या योजनेने जकात गेली, दुसरीने दस्तक गेले. ह्या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व मुंबईच्या वाचकास निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. मुलुंड आणि दहिसर येथील जकातनाक्यांवर मालमोटारींच्या ज्या रांगा लागत त्या केवळ रक्कम भरण्यासाठी नव्हत्या; मालाची यादी, त्याची किंमत, तो शहरात राहणार की शहरातून पुढे जाणार, ह्याचा कागद तपासून घेण्यासाठी होत्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तु व सेवा कर आला आणि ही जकात बंद झाली, तेव्हा चालकांना आधी जाणवला तो वाचलेला वेळ.

संघाबाहेर पडताच ब्रिटन संघाच्या कायद्याच्या भाषेत ‘तिसरा देश’ झाले. ही संज्ञा लक्षणीय आहे. व्यवहार दोघांत चालू असताना तिसरा कोण, असा प्रश्न सहज पडावा. पण येथे पहिले दोन म्हणजे संघाचे सदस्य असलेले कोणतेही दोन देश, आणि त्यांच्या परस्पर व्यवहाराच्या बाहेरचा तो तिसरा. अठ्ठेचाळीस वर्षांच्या सहवासानंतर ब्रिटनचे दूध, मांस आणि मासळी ह्यांच्याकडे केवळ ह्या एका विशेषणामुळे परकी म्हणून पाहावे लागले. मालात काही बदल झाला नव्हता. ३१ डिसेंबरला जो मासा निर्धोक होता तो १ जानेवारीलाही निर्धोकच होता. बदलले होते ते पुरावा देण्याचे दायित्व. नव्या व्यवस्थेच्या आरंभीच्या दिवसांत हॉलंडच्या बंदरावर उतरणाऱ्या ब्रिटिश मोटारचालकांच्या डब्यांतील मांसाचे काप घातलेले पाव तेथील अधिकाऱ्यांनी काढून घेतले, ते चित्र दूरचित्रवाणीवर पुष्कळांनी पाहिले. त्यात हसण्यासारखे होतेच; परंतु नियम तोच होता जो कोणत्याही तिसऱ्या देशाच्या प्रवाशास लागू पडतो.

आता मासळीकडे वळू. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लँगुस्टीन नावाचा, शेवंडीच्या कुळातील एक लहान कवचधारी प्राणी पकडला जातो. त्याचे मोठे गिऱ्हाईक फ्रान्स आणि स्पेनमध्ये. तो जिवंत किंवा अगदी ताजा पोहोचला तरच त्याला भाव. एक दिवस उशीर झाला की किंमत उतरते, दोन दिवस झाला की माल टाकून द्यावा लागतो. २०२० अखेरपर्यंत संध्याकाळी निघालेली मालमोटार सीमेवर न थांबता थेट फ्रान्समधील बूलोनच्या बाजारात जाऊन पोहोचत असे. १ जानेवारी २०२१ पासून तिच्याबरोबर मासा कोठे व कोणत्या बोटीने पकडला ह्याचा दाखला, पशुवैद्याने किंवा तत्सम अधिकाऱ्याने सही केलेला आरोग्याचा दाखला, सीमाशुल्काचे निवेदन आणि आगाऊ सूचना इतके कागद आवश्यक झाले. लहान निर्यातदार स्वतंत्र मोटार भरू शकत नाही. दहापंधरा जणांच्या पेट्या एकाच मोटारीत जातात. त्यांतील एकाच्या कागदात चूक निघाली तर सर्वांचा माल थांबतो. ज्याने आपले कागद काटेकोरपणे भरले त्याचाही मासा शेजाऱ्याच्या हस्तदोषामुळे नासावा, असा हा न्याय आहे.

ह्याचे परिणाम तत्काळ दिसले. स्कॉटलंडच्या काही बोटींनी आपल्या बंदरात परत न येता थेट उत्तर समुद्र ओलांडून डेन्मार्कमधील हान्स्टहोल्म येथे मासळी उतरविण्यास प्रारंभ केला; तिकडच्या लिलावात उतरलेला मासा संघाच्या आत पोहोचलेलाच असतो. १८ जानेवारी २०२१ रोजी मासळीच्या व्यापाऱ्यांनी आपल्या मालमोटारी लंडनमध्ये पार्लमेंटच्या परिसरात आणून निषेध केला. सरकारने २ कोटी ३० लक्ष पौंडांच्या साहाय्याची घोषणा केली. सुरुवातीचा गोंधळ काही महिन्यांनी निवळला हे खरे. पण दाखल्यांचा खर्च कायमचा झाला.

कालवे, शिनाणे, तिसऱ्या अशा दोन शिंपांच्या प्राण्यांची गोष्ट ह्याहून कठीण. हे प्राणी पाणी गाळून आपले भक्ष्य मिळवितात. म्हणून पाणी जितके शुद्ध तितका त्यांचा मांसभाग निर्धोक. किनाऱ्यावरील पाण्याचे शुद्धतेनुसार वर्ग ठरविलेले आहेत. ‘अ’ वर्गाच्या पाण्यातील माल थेट खाण्यास चालतो. ‘ब’ वर्गाच्या पाण्यातील माल काही काळ स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत ठेवून शुद्ध करावा लागतो. इंग्लंड आणि वेल्स येथील पुष्कळसे पाणी ‘ब’ वर्गाचे. पूर्वी तेथील शिंपले जिवंत स्थितीत फ्रान्स व हॉलंडकडे जात आणि शुद्धीकरण तिकडच्या टाक्यांत होत असे. ‘तिसऱ्या देशा’कडून मात्र शुद्ध न केलेला असा जिवंत माल घ्यावयाचा नाही हा संघाचा नियम, आणि ह्या नियमाला दाखल्याचाही उतारा नाही. शुद्धीकरणाच्या टाक्या मायदेशी बांधाव्यात तर खर्च मोठा, आणि शुद्ध केलेला प्राणी दूरच्या प्रवासात कमी टिकतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या काही धंद्यांना त्यामुळे एका रात्रीत बाजारच उरला नाही. स्कॉटलंडच्या बियाण्याच्या बटाट्यांचे असेच झाले. ते युरोपभर नावाजलेले होते. २०२१ पासून संघात त्यांना प्रवेश बंद झाला. जकात भरून हा बटाटा पुढे नेता आला असता तर शेतकऱ्यांनी ती आनंदाने भरली असती.

दस्तकाच्या भाराचे गणितही जकातीच्या गणितापेक्षा वेगळे आहे, आणि ह्या लेखाच्या विषयाचा गाभा तेथेच आहे. जकात मालाच्या किंमतीच्या प्रमाणात असते : शंभराच्या मालावर दहा, तर हजाराच्या मालावर शंभर. दाखल्याचा खर्च मात्र खेपेमागे असतो, मालाच्या मोलाशी त्याला कर्तव्य नसते. चेशायर परगण्यातील एका चीजविक्रेत्याची हकीकत त्या वेळी वृत्तपत्रांत आली होती. युरोपातील गिऱ्हाइकांना तो टपालाने सुमारे ३० पौंडांच्या चीजच्या पेट्या पाठवीत असे. नव्या नियमांनुसार अशा प्रत्येक पेटीबरोबर पशुवैद्याचा आरोग्यदाखला हवा, आणि त्याचा खर्च सुमारे १८० पौंड. जकातीच्या भाषेत बोलावयाचे तर हा दर सहाशे टक्क्यांचा झाला; कराराच्या मजकुरात मात्र तो शून्यच राहिला. तेच चीज वीस टन एकदम पाठविणाऱ्या मोठ्या कारखानदाराला तोच दाखला जाणवतही नाही.

म्हणून ‘परंपरागत धंदे बुडाले’ असे सरसकट विधान करणे बरोबर होणार नाही. स्कॉटलंडमधील व्हिस्कीचा धंदा मासेमारीइतकाच तेथील परंपरेचा मानला जातो. व्हिस्की नासत नाही. ती पिंपांत वर्षानुवर्षे राहिल्यानेच तिचे मोल वाढते. आणि ती मोठ्या खेपांनी, जगभर जाते. तिला युरोपच्या दस्तकाचा फारसा त्रास झाला नाही. तिच्या दृष्टीने खरा अडसर होता तो भारताच्या १५० टक्के जकातीचा. तरीही २०२२ साली बाटल्यांच्या संख्येने भारत हेच तिचे जगातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. २४ जुलै २०२५ रोजी सह्या झालेल्या भारत-ब्रिटन व्यापारकरारात ही जकात प्रथम ७५ टक्क्यांवर आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले. सीमाशुल्क-संघात राहून ब्रिटनला असा स्वतंत्र करार करता आला नसता. अर्थात् नाशवंत माल, लहान खेप आणि जवळचा बाजार हे तीन गुण ज्या धंद्यात एकत्र आले त्याला फटका बसला. टिकाऊ माल, मोठी खेप आणि दूरचा बाजार ज्याचा, तो तरला.

मच्छीमारांची निराशा एवढी तीव्र का झाली हे समजण्यासाठी मागे जावयास हवे. सार्वमतापूर्वीच्या एका पाहणीत उत्तर देणाऱ्या मच्छीमारांपैकी ९२ टक्क्यांनी संघ सोडण्याच्या बाजूने मत देण्याचा मनोदय व्यक्त केला होता. त्यांचे गाऱ्हाणे निराधार नव्हते. १९७० साली ब्रिटनच्या प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू होण्याच्या सुमारासच मूळच्या सहा सदस्यांनी परस्परांच्या समुद्रात सर्वांनी मासेमारी करावी असे तत्त्व ठरवून टाकले, आणि नवागतास ते जसेच्या तसे स्वीकारावे लागले. १९८३ साली ठरलेले मासळीचे वाटेही आपल्यावर अन्याय करणारे आहेत, ही भावना पुढे दृढ झाली. तथापि हल आणि ग्रिम्स्बी ह्या बंदरांचे वैभव लोपले त्याचे मुख्य कारण ब्रसेल्समध्ये नसून आइसलंडमध्ये होते. त्या देशाने १९५८ साली आपली मासेमारीची हद्द १२ मैलांवर, १९७२ साली ५० मैलांवर आणि १९७५ साली २०० मैलांवर नेली. दूरच्या समुद्रात कॉड पकडणाऱ्या ब्रिटिश जहाजांना ह्या तथाकथित कॉड-युद्धांनंतर जावयास जागा उरली नाही. लोकांच्या आठवणीत मात्र ही दोन दुःखे मिसळून एक झाली.

शिवाय ब्रिटनच्या वाट्याला आलेली मासळी ब्रिटनमधील बोटींत कशी वाटावयाची हा निर्णय सर्वस्वी ब्रिटिश सरकारचा होता. दहा मीटरांहून लहान बोटी संख्येने तेथील ताफ्याच्या तीन-चतुर्थांशांहून अधिक. पण ठरवून दिलेल्या वाट्याचा अगदी अल्प अंश त्यांच्या पदरी पडतो. २०२० च्या करारान्वये ब्रिटनच्या समुद्रातील युरोपीय बोटींच्या वाट्यापैकी मोलाने २५ टक्के भाग साडेपाच वर्षांत ब्रिटनकडे यावयाचा होता. त्यातील मोठा हिस्सा अटलांटिक बांगड्यासारख्या खुल्या समुद्रातील मासळीचा, आणि ती पकडणारी जहाजे मोजकी व प्रचंड. किनाऱ्यावरच्या लहान नाखव्याला ज्याची आस होती तो १२ मैलांपर्यंतचा पट्टा केवळ आपला, ही गोष्ट साधली नाही; इंग्लंडच्या दक्षिण व आग्नेय किनाऱ्यासमोर ६ ते १२ मैलांच्या दरम्यान युरोपीय बोटींचा पूर्वापार वावर चालूच राहिला. हल बंदराच्या नशिबी आणखी एक विपरीत प्रसंग आला. नॉर्वेच्या समुद्रात कॉड पकडण्याचा हक्क ब्रिटनला युरोपीय संघाच्या करारातून मिळत असे. संघ सुटला, २०२१ साली नॉर्वेशी स्वतंत्र वाटाघाटी फिसकटल्या, आणि दूरच्या समुद्रात जाणारे तेथील मोठे जहाज धक्क्याला बांधून ठेवावे लागले.

येथे एक भाषिक प्रकरण नोंदविण्याजोगे आहे. ब्रिटिश लोक जी मासळी खातात ती बरीचशी बाहेरून येते (कॉड, हॅडॉक, ट्यूना, सामन, कोळंबी), आणि ब्रिटिश मच्छीमार जी पकडतात ती बरीचशी बाहेर जाते. एकाच देशाची जाळी आणि ताटे ह्यांची अशी फारकत झालेली. बाहेरचा बाजार अवघड होताच कॉर्नवॉलच्या मच्छीमारांना घरचे गिऱ्हाईक शोधणे प्राप्त झाले. त्यांचा एक चपटा मासा ‘मेग्रिम’ ह्या नावाने ओळखला जातो. तो जवळजवळ सगळा स्पेनला जात असे. इंग्रजी कानाला ह्या नावातून ‘ग्रिम’, म्हणजे उदास, भेसूर, असा शब्द ऐकू येतो. २०२१ च्या आरंभी त्याचे ‘कॉर्निश सोल’ असे नवे नामकरण करण्यात आले, आणि ‘स्पायडर क्रॅब’ म्हणजे कोळी-खेकड्याचा ‘कॉर्निश किंग क्रॅब’ झाला. कोळ्याचा राजा होण्यास एक ठराव पुरला. ही युक्ती नवी नव्हती. ‘पिल्चर्ड’ ह्या जुन्या, डबाबंद वासाच्या नावाने जो मासा कोणी विकत घेत नव्हता तो काही वर्षांपूर्वी ‘कॉर्निश सार्डीन’ म्हणून उपाहारगृहांत मानाने जाऊन बसला होता. परंतु घरच्या गिऱ्हाइकाची जीभ पालटण्यास नाव पालटण्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो, आणि कोळंबी-कॉडवर वाढलेला ग्राहक केवळ देशप्रेमापोटी काटेरी खेकडा फोडावयास बसत नाही.

ग्राहकावरचा परिणाम मासळीसारखा डोळ्यांत भरणारा नाही. तो झिरपत येतो. पहिला आघात हुंडणावळीच्या द्वारे आला. सार्वमताच्या रात्री १.५० डॉलरांपर्यंत चढलेला पौंड दुसऱ्या दिवशी काही काळ १.३३ च्याही खाली उतरला. संघ सोडण्यास अद्याप साडेतीन वर्षे होती. परंतु बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू महागण्यास सुरुवात झाली. दुसरा आघात दस्तकाचा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथील संशोधकांनी अन्नपदार्थांच्या किंमतींचा तपशीलवार अभ्यास केला.  त्यांची रीत साधी पण मार्मिक आहे. काही पदार्थांवर, उदाहरणार्थ मांस आणि चीज, दाखल्यांचा जाच अधिक, काहींवर कमी. पहिल्या गटाच्या किंमती दुसऱ्यापेक्षा किती अधिक वाढल्या हे पाहिले म्हणजे साथीचा रोग, इंधनाचे भाव वगैरे समान कारणे आपोआप बाजूला पडतात. २०२१ अखेरच्या दोन वर्षांत संघत्यागामुळे अन्नाच्या किंमती सुमारे ६ टक्क्यांनी वाढल्या व सरासरी कुटुंबास २१० पौंड अधिक मोजावे लागले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. गरीब घरात मिळकतीचा मोठा भाग अन्नावर जातो. त्यामुळे तळच्या दहा टक्के कुटुंबांचा निर्वाहखर्च १.१ टक्क्याने वाढला, तर वरच्या दहा टक्क्यांचा ०.७ टक्क्याने.

ह्याच अभ्यासातील दुसरी एक गोष्ट कमी चर्चिली गेली. ग्राहकांचे एकूण नुकसान ५८४ कोटी पौंडांचे; परंतु त्यांतील सुमारे ४८० कोटी देशांतील अन्नोत्पादकांच्या पदरात पडले, कारण परका माल महागल्यामुळे त्यांना भाव वाढविता आला. जकात असती तर हा पैसा निदान सरकारी तिजोरीत गेला असता. दस्तकाचा पैसा तिजोरीत जात नाही; काही पशुवैद्याकडे, दलालाकडे व मोटारमालकाकडे जातो, काही घरच्या उत्पादकाकडे, आणि उरलेला नुसताच नाहीसा होतो.

‘मूळ’ ठरविण्याच्या नियमांचा जाचही ग्राहकाच्या वाट्यास आला. करारातील जकातमाफी फक्त ब्रिटनमध्ये किंवा संघात मूळ असलेल्या मालाला आहे. जर्मनीत तयार झालेली मिठाई ब्रिटनच्या गोदामात उतरून, तशीच, पुढे आयर्लंडच्या दुकानात गेली तर ती वाटेत आपले मूळ गमावते आणि तिच्यावर जकात बसते. एखाद्या मालावर ब्रिटनमध्ये पुरेशी प्रक्रिया झाली तरच तो ब्रिटिश ठरावयाचा. आणि पुरेशी म्हणजे किती, ह्याचे पदार्थागणिक निराळे कोष्टक आहे. भाषाभ्यासकांस हा प्रश्न अपरिचित नाही. परका शब्द मराठी केव्हा झाला? ‘बटाटा’ पोर्तुगीजांच्या द्वारे आला, पण ‘बटाट्याची’ म्हणताना त्याने मराठी सामान्यरूप स्वीकारले, आणि मग त्याच्या जन्मदाखल्याची चौकशी कोणी करीत नाही. सीमाशुल्क अधिकारी इतका उदार असू शकत नाही.

ब्रिटनने युरोपातून येणाऱ्या मालाची तपासणी स्वतः मात्र पुनःपुन्हा पुढे ढकलली, कारण तिचा भार आपल्याच ग्राहकांवर पडणार हे उघड होते. अखेर ३१ जानेवारी २०२४ पासून आरोग्यदाखले आणि ३० एप्रिलपासून प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली. डोव्हरमार्गे येणाऱ्या खेपेला १४५ पौंडांपर्यंत शुल्क बसले. फुलझाडांची रोपे, सॉसेज, चीज आणणारे छोटे व्यापारी ह्यात अडकले. खेपेमागे शुल्क, हेच सूत्र येथेही होते. फरक इतकाच की ह्या वेळी ते उलट दिशेने फिरले.

व्यापारसंघ सोडणारे ब्रिटन हे पहिले नव्हे. ग्रीनलंड डेन्मार्कचा भाग म्हणून १९७३ साली समुदायात गेले, यद्यपि तेथील बहुसंख्य मतदार त्या विरुद्ध होते. १९७९ साली स्वायत्तता मिळाल्यावर १९८२ साली त्यांनी सार्वमत घेतले, आणि मासेमारीचा हक्क परत मिळावा ह्या मुख्य हेतूने, थोड्या मताधिक्याने, बाहेर पडण्याचे ठरविले. १ फेब्रुवारी १९८५ रोजी ते बाहेर पडले. पन्नास-पंचावन्न हजार वस्तीच्या ह्या बेटाची निर्यात जवळजवळ सगळी मासळीची, म्हणून त्यांनी प्रारंभीच सौदा स्पष्ट केला : आमची मासळी तुमच्या बाजारात जकातीवाचून यावी, त्याबदली आमच्या समुद्रात तुमच्या बोटींना परवाने मिळतील, आणि त्या परवान्यांचे पैसेही तुम्ही द्यावे. समुद्र आणि बाजार ह्या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, हे ग्रीनलंडच्या वाटाघाटी करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून गृहीत धरले. ब्रिटनमधील सार्वमताच्या प्रचारात मात्र समुद्राची बाजू एका व्यासपीठावर आणि बाजाराची दुसऱ्या व्यासपीठावर मांडली जात होती.

१९ मे २०२५ रोजी लंडन येथे ब्रिटन आणि युरोपीय संघ ह्यांच्या शिखरपरिषदेत ह्या दोन बाजू पुन्हा एकत्र आल्या. अन्न, प्राणी आणि वनस्पती ह्यांच्या आरोग्यासंबंधी असा करार करण्याचे तत्त्वतः ठरले की, ज्यायोगे बहुतेक दाखले आणि तपासण्या नाहीशा व्हाव्यात. मोबदला म्हणून ह्या क्षेत्रातील संघाचे नियम, ते बदलतील तसतसे, ब्रिटनने पाळावयाचे. ते नियम करताना मत देण्याचा अधिकार मात्र नाही. त्याच दिवशी ब्रिटनच्या समुद्रात युरोपीय बोटींना असलेल्या प्रवेशाची मुदत, जी जून २०२६ मध्ये संपावयाची होती, ती ३० जून २०३८ पर्यंत वाढविण्यात आली. मच्छीमारांसाठी बारा वर्षांत खर्च करावयाच्या ३६ कोटी पौंडांच्या निधीची घोषणा झाली. स्कॉटलंडच्या सामन-उत्पादकांनी आणि कवचधारी प्राण्यांच्या निर्यातदारांनी ह्या दाखलामुक्तीचे स्वागत केले. मासेमारी करणाऱ्या बोटमालकांच्या संघटनांनी आपला समुद्र बारा वर्षांसाठी गहाण टाकला, असा आरोप केला. मासा पकडणारा आणि मासा पाठविणारा हे एकाच धक्क्यावर उभे असतात, कित्येकदा एकाच कुटुंबातले असतात. त्या दिवशी मात्र एकाने दस्तकाची किंमत दुसऱ्याच्या समुद्रातून चुकती झालेली पाहिली.